मांडवीचे पाणी : नदीकाठच्या शाळांसाठी एक अभ्यासपाठ

नदीचा पाठ आपल्या शाळांतून बहुधा नकाशापुढे उभे राहून शिकविला जातो. उगम, उपनद्या, मुख, काठावरची शहरे एवढे सांगून झाले की फळा पुसला जातो. ज्या गावांतील मुले रोज फेरीबोटीने नदी ओलांडून शाळेत येतात, त्या गावांतही असेच घडते, हे विशेष. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना मांडवी नदीचे पाणी आणि तिचा इतिहास यांचा एकत्र परिचय कसा करून देता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. भूगोल, विज्ञान व इतिहास या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी तो मिळून घ्यावा अशी अपेक्षा आहे.

आरंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी नववीच्या विद्यार्थ्यांना सांगितले की, रविवारी प्रत्येकाने आपल्या गावाजवळ नदीचे पाणी बाटलीत भरून घ्यावे व सोमवारी शाळेत आणावे. मुलांनी ते मोठ्या हौसेने केले. आम्ही प्रत्येक बाटलीतील पाणी मोजून आटविले व मागे राहिलेले मीठ तोलले. एकाच धक्क्यावरून पाणी आणलेल्या दोन मुलांच्या मिठात मोठा फरक निघाला. तू विहिरीचे पाणी घातलेस, तू घरचे मीठ घातलेस, असा वाद सुरू झाला. दोघेही खरे बोलत होते. एकाने सकाळी ऐन भरतीत बाटली भरली होती, दुसऱ्याने दुपारी ओहोटी लागून पाणी बरेच उतरल्यावर. वेळ लिहून ठेवा, एवढेही मी त्यांना सांगितले नव्हते. त्या दिवशीचे सारे पाणी आम्हाला ओतून टाकावे लागले; परंतु या पाठाचा पाया त्याच दिवशी घातला गेला. मांडवीत एकच एक पाणी नसते. ज्या बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ व भरती-ओहोटीची स्थिती लिहिलेली नाही, तिच्यावरून नदीविषयी काहीही सांगता येत नाही.

याचे कारण नदीच्या ठेवणीत आहे. कर्नाटकातील बेळगावी जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यात, ती उगम पावते. तेथून सत्तरीत उतरेपर्यंत आणि पुढेही बराच काळ लोक तिला म्हादई म्हणतात. खाली खाडीच्या टप्प्यात ती मांडवी होते. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठाणे असा आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. वरचे नाव डोंगराचे व झऱ्यांचे, खालचे नाव गलबतांचे व व्यापाराचे. वाटेत दूधसागराचे पाणी घेऊन येणारी खांडेपार, साखळीकडून येणारी वाळवंटी, तसेच डिचोली व म्हापसा या नद्या तिला मिळतात. कुंभारजुव्याचा कालवा तिला जुवारीशी जोडतो.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्या काळात नदी खरोखर नदी असते. डोंगराचे पाणी समुद्राला मागे रेटते आणि रायबंदरच्या धक्क्यावरचे वरचे पाणी जवळजवळ गोडे लागते. पाऊस सरला की वरून येणारे पाणी झपाट्याने कमी होते व समुद्र आत येऊ लागतो. भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत गांजेपर्यंत जाणवतो. तेथवर पाणी खारट होते असे मात्र नाही. भरतीने पाण्याची पातळी चढते, ती बरीच वरपर्यंत. खारटपणा त्याच्या खालीच थांबतो. पातळीची सीमा व खारटपणाची सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांचा गोंधळ नेमका येथे होतो. म्हणून शिक्षकांनी या मुद्द्यावर थोडा अधिक वेळ द्यावा. खारटपणाची सीमा ऋतूप्रमाणे हलते. ऑगस्टमध्ये ती मुखाशी असते; मे महिन्यात ती बरीच आत गेलेली असते. तिचे हे जाणेयेणे म्हणजेच मांडवीचे वर्षाचे चक्र.

पाणी नदीत किती काळ राहते, हेही यावरूनच ठरते. पावसाळ्यात नदीत पडलेली घाण थोड्याच दिवसांत समुद्राला जाऊन मिळते. उन्हाळ्यात तेच पाणी भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली असे कित्येक आठवडे हेलकावे खात राहते. म्हणून गटाराचे पाणी डिसेंबरात सोडले काय आणि मेमध्ये सोडले काय, सारखेच, असे समजणे चुकीचे आहे.

आता इतिहासाकडे वळू. सन १५१० मधील घटना पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येते : आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतले, आदिलशहाने परत मिळविले, आल्बुकर्कने पुन्हा घेतले. मधल्या महिन्यांत काय घडले ते मुलांना सांगितले तर नदी इतिहासात शिरते. मे महिन्याच्या अखेरीस शहर सोडून पोर्तुगीज आरमार मांडवीत उतरले खरे, पण बाहेर पडू शकले नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने मुखाशी वाळूचा बांध धरतो व त्यावर लाटा फुटतात. आग्वादच्या या बांधाने तारवांची वाट अडविली. सारा पावसाळा ते आरमार दोन्ही काठांवरील शत्रूच्या मध्ये, उपासमार सोशीत, नदीत नांगरून राहिले आणि ऑगस्टमध्ये समुद्रावर निघाले. चारशेहून अधिक वर्षांनंतर खनिजवाहू बार्जींनाही हाच बांध पावसाळ्यात आडवा येई आणि त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत व तेथून मुरगावला जात. राजवटी बदलल्या, वाळू तीच राहिली.

जुन्या गोव्याची कथा पाण्याच्या गुणवत्तेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकात मांडवीकाठचे हे शहर आशियातील मोठ्या व्यापारी शहरांत गणले जात होते. १५४३ मध्ये तेथे पटकीची भयंकर साथ आली. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. शहर वाढले, परंतु मैला वाहून नेण्याची व्यवस्था वाढली नाही. जमीन सच्छिद्र, घाण झिरपून विहिरींत उतरे. होझे निकोलाव द फोन्सेका यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या शहराच्या इतिहासात शहर ओस पडण्याच्या कारणांत या दूषित भूमीची व पाण्याची चर्चा केली आहे. पिण्यास उत्तम पाणी बायंगिणीच्या झऱ्याचे मानले जाई. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेल्या पिरार्द द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने ते पाणी घागरींतून शहरात विकले जात असल्याचे लिहून ठेवले आहे. घराजवळ विहीर असताना दूरच्या झऱ्याचे पाणी विकत घ्यावे लागणे, ही त्या वैभवशाली शहराची खरी स्थिती होती. साथी येत राहिल्या. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले व १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. शहर पडण्यास व्यापारातील स्पर्धा, युद्धे अशी इतरही कारणे होती. सारा दोष विहिरींच्या माथी मारू नये. तरी जुन्या गोव्याची भव्य चर्च पाहावयास सहल नेताना, येथील माणसे कोठे गेली, हा प्रश्न शिक्षकांनी मुलांना विचारावा व उत्तराची घाई करू नये.

खारटपणाच्या सीमेशी सामान्य शेतकऱ्याने कसा व्यवहार केला, हे पाहावयाचे असेल तर खाजन शेतीकडे गेले पाहिजे. भरतीच्या पातळीहून सखल असलेल्या या जमिनी पोर्तुगीज येण्यापूर्वीच गावकऱ्यांनी बांध घालून नदीकडून मिळविल्या. बांधात लाकडी दारांची मानस बसवीत. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने दार उघडते व शेतातील पाणी नदीत जाते; भरती आली की बाहेरच्या दाबाने तेच दार मिटते. माणसाने हात लावावा लागत नाही. पावसाच्या पाण्याने शेतातील क्षार धुऊन निघतात व मग तेथे थोडे खारे पाणी सोसणारे कोरगूट भात घेतात. बांधाची देखभाल गावकरीकडे, म्हणजे पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रामसंस्थेकडे असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते आवश्यकच होते. परंतु बांधाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यानंतर अनेक गावांत ढिला पडला. बार्जींच्या लाटांनीही काठ खचले. बांध एका ठिकाणी फुटला तरी पुढच्या भरतीस खारे पाणी शेतात शिरते आणि पीक जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते मानस हे या पाठातील सर्वोत्तम साधन आहे. पाण्याचा दाब शिकविण्यासाठी प्रयोगशाळेतील काचेच्या नळ्यांपेक्षा ते दार एकदा मिटताना पाहिलेले अधिक उपयोगी पडते. पुठ्ठ्याची पेटी व बिजागरीची फळी घेऊन मुलांना त्याची प्रतिकृतीही करता येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीवर नवा भार पडला तो लोहखनिजाचा. खाणीतील माती पावसाने ओढ्यांत व ओढ्यांतून नदीत येऊ लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत त्यास अनुमती दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले. पुढे लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. खाण बंद असतानाचे व चालू असतानाचे पाणी यांची तुलना करण्याची अशी संधी शाळांना पुन्हा क्वचितच मिळेल. माझ्या माहितीतील एकाही शाळेपाशी त्या वर्षांची गढूळपणाची नोंद नाही. माझ्याही शाळेपाशी नाही. येथे एक सावधगिरी मात्र हवी. लाल पाणी दिसले की खाणीकडे बोट दाखविण्याची मुलांना सवय लागते. गोव्याची जमीनच जांभ्याची आहे. जेथे एकही खाण नाही अशा ओढ्याचे पाणीही जूनमध्ये तांबडे होते. म्हणून खाणीखालचा ओढा व खाणीविना असलेला ओढा, दोन्हींचे पाणी एकाच दिवशी घेऊन शेजारी शेजारी ठेवावे.

प्रत्यक्ष पाहणीसाठी चार ठिकाणे सुचवितो : गांजे, आमोणे, जुन्या गोव्याचा धक्का व रायबंदर. प्रत्येक ठिकाणच्या जवळच्या शाळेने आपापले ठिकाण घेतले तर प्रवासाचा प्रश्न राहत नाही. महिन्यातून दोनदा, एकदा अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास उधाणाला आणि एकदा अष्टमीच्या सुमारास भांगाला, पाणी घ्यावे. दोन्ही वेळा पूर्ण भरतीचे एक व पूर्ण ओहोटीचे एक. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. छापील कोष्टक मिळते, पण गावातील मासेमाऱ्याला तिथीवरून वेळ विचारावी व मग ती कोष्टकाशी ताडून पाहावी. मुलांना यात फार गंमत वाटते, आणि मासेमाऱ्याचा हिशेब सहसा चुकत नाही.

खारटपणा मोजण्यास आटविण्याची रीत पुरेशी आहे. शंभर मिलिलिटर पाणी तोललेल्या बशीत आटवावे. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन ग्रॅम क्षार मागे राहतात. ज्या उच्च माध्यमिक शाळांत सिल्व्हर नायट्रेट आहे त्यांनी क्लोराइडचे अनुमापन करावे. मुखाजवळ पावसाळ्यात वरचे व तळाचे पाणी निराळे असते, कारण हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावरून वाहते. तळाचे पाणी काढण्यासाठी बाटलीला दगड बांधावा, तोंडास बूच लावून त्याला वेगळी दोरी बांधावी व बाटली खाली गेल्यावर बूच ओढावे.

गढूळपणासाठी सेकी तबकडी करावी. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने ही रीत वापरली. वीस-तीस सेंटिमीटर व्यासाची जुनी थाळी पांढरी रंगवून तिला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी बांधावी. थाळी दिसेनाशी होते ती खोली लिहावी. खर्च नाही, आणि वर्षभराच्या नोंदी एका ओळीत मांडल्या की पावसाळा कोठे सुरू झाला ते तारखेशिवाय ओळखता येते.

पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची चाचणी रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. तिच्या उत्तराचा अर्थ लावताना पुन्हा मूळ मुद्दा आठवावा लागतो. २८ अंश तापमानाचे गोडे पाणी दर लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू धारण करू शकते. त्याच तापमानाचे समुद्राचे पाणी सुमारे ६.४ मिलिग्रॅमच. म्हणजे रायबंदरला ६ हा आकडा मेमध्ये निघाला तर पाणी जवळजवळ तृप्त आहे, आणि ऑगस्टमध्ये, पाणी गोडे असताना, तोच आकडा निघाला तर काहीतरी प्राणवायू खात आहे. आकडा एकच, अर्थ दोन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत गोड्या नदीत स्नानासाठी दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू अपेक्षित आहे, तर स्नानयोग्य सागरी पाण्यासाठी किमान ४. हा भेद का, ते विद्यार्थ्यांना आता स्वतः सांगता आले पाहिजे.

मैलापाण्याचे जंतू शाळेत वाढवू नयेत. गावातील विहिरींसाठी मात्र हायड्रोजन सल्फाइडची बाटली वापरता येते. ही सोपी चाचणी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. पाणी ठरावीक काळ ठेवल्यावर काळे पडले तर दूषित असल्याचा संशय घ्यावा व आरोग्य खात्याला कळवावे. खाडीच्या पाण्यासाठी ती वापरू नये. तळाच्या चिखलातील गंधकामुळेही तेथे पाणी काळे पडू शकते व गैरसमज होतो. पाण्याची चव कोणीही घेऊ नये. शेवाळलेल्या पायऱ्यांवर ओहोटीच्या वेळी मुलांना उतरवू नये, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे विसरू नये.

वर्गातच करण्यासारखा आणखी एक प्रयोग आहे. तीन बाटल्यांत गोडे, मचूळ व खारे पाणी घेऊन प्रत्येकीत एक लोखंडी खिळा अर्धा बुडवून ठेवावा आणि महिनाभर पाहावे. नंतर १९७० मध्ये खुला झालेला व ५ जुलै १९८६ रोजी कोसळलेला पणजीचा मांडवी पूल या घटनेची माहिती द्यावी. खाडीवरील खाऱ्या, दमट हवेत पोलादी तारांना गंज लागणे हे त्या दुर्घटनेमागचे एक मोठे कारण होते. सोळा वर्षांत पूल गेला. खिळ्याकडे मुले मग वेगळ्या दृष्टीने पाहतात.

म्हादईच्या पाणीवाटपाचा विषय वर्गात निघणारच. तो टाळू नये, पण व्याख्यानही देऊ नये. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ अब्ज घनफूट वीजनिर्मितीसाठी आहे, तर ३.९ अब्ज घनफूट कळसा व भंडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळविण्यासाठी. तिन्ही राज्ये या निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. मलप्रभेच्या काठीही तहानलेली गावे आहेत, आणि तेथील शाळांतही मराठी बोलणारी मुले बसतात. विद्यार्थ्यांपुढे प्रश्न एवढाच ठेवावा : पाऊस सरल्यावर वरून येणारे गोडे पाणी कमी झाले, तर मे महिन्यातील खारटपणाची सीमा कोठे जाईल, तिच्या वर किती गावांच्या विहिरी आहेत, आणि किती खाजनांचे बांध आज धड आहेत? याचे उत्तर देण्यासाठी आधी आजची सीमा ठाऊक हवी. १९६६ मध्ये स्थापन झालेली व आज दोनापावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या नोंदी आहेतच. त्यांच्या आकड्यांशी शाळेचे आकडे ताडून पाहणे हा वरच्या वर्गांसाठी चांगला अभ्यास होईल.

नोंदवही जाड पुठ्ठ्याची घ्यावी व ती शाळेच्या दप्तरात ठेवावी, कोणा एका शिक्षकाच्या घरी नव्हे. बदली झाली की वही जाते. प्रत्येक नोंदीत ठिकाण, दिनांक, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, आदल्या दोन दिवसांचा पाऊस, थाळीची खोली, क्षारांचे वजन व पाणी घेणाऱ्या विद्यार्थ्याची इयत्ता लिहावी. चुकलेली नोंद खोडू नये. तिच्यापुढे चूक काय झाली ते लिहावे. आमच्या वहीचे पहिले पान त्या ओतून टाकलेल्या बाटल्यांचे आहे. त्यावर अठरा गावांची नावे आहेत व वेळेचा रकाना रिकामा आहे.